डावा मागचा स्पीकर

रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीच्या भिंतीला पहिलं भोक पडलं त्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले, तर सगळ्या घरावर पांढरी भुकटी. शेगडीवर, देव्हाऱ्यातल्या देवांवर, दोरीवरच्या ओल्या साड्यांवरसुद्धा. लेक शिकायला नाशिकला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. मला तिथे माझं शिलाई मशीन आणि पुस्तकांचं कपाट हवं होतं. पण ह्यांच्या डोक्यात होम थिएटर शिरलं होतं, आणि ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर निघत नाही. मी झाडू घेतला आणि तोंड बंद ठेवलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

खरं सांगायचं तर ह्यांना आवाजाचं वेड लागावं यात नवल काही नव्हतं. हे चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत होते आणि त्यांचं काम ऐकण्याचं होतं. तयार झालेली प्रत्येक गाडी आतल्याच एका खडबडीत रस्त्यावरून, म्हणजे ट्रॅकवरून, फिरवायची. काचा वर, पंखा बंद, बोलायचं नाही. दाराच्या आत कुठे क्लिप सुटली असेल, डॅशबोर्डच्या पोटात एखादा स्क्रू ढिला असेल, तर ते ऐकून सांगायचं. मशीनला सापडत नाही ते ह्यांना सापडायचं. लाइनवरची पोरं ह्यांना नावानं हाक मारतच नसत. "कानाला बोलव रे," म्हणायची. लग्नकार्यात कोणी विचारलं की हे स्वतःच सांगायचे, "मी कंपनीचा कान आहे." मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता, आणि अभिमानही होता. दोन्ही एकदम असू शकतं.

आवाज कुठून येतो ते शोधायची त्यांची एक रीत होती. एक कान बोटानं बंद करायचा, मग तो उघडून दुसरा. आवाज ज्या कानाला जास्त, त्या बाजूला शोधायचं. ट्रॅकवरचे सगळेच असं करत. हे ती रीत घरीही घेऊन आले. कुठे नळ ठिबकतोय, फ्रिज का कुरकुरतोय, सगळं एक कान बंद करून. लेकीलाही शिकवलं होतं. बाप-लेक स्वयंपाकघरात कानात बोटं घालून उभे असले की बाहेरच्याला वाटावं, मीच ओरडतेय म्हणून.

स्पीकर लावायला आलेला माणूस कामाला चोख होता. खोलीत बसायची खुर्ची कुठे येणार ते आधी ठरवलं, फरशीवर खडूनं खूण केली, मग टेपनं मापं घेतली. समोरचे तीन स्पीकर टीव्हीच्या रांगेत, मागचे दोन खुर्चीच्या दोन्ही अंगांना, जरा मागे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. शेवटी खुर्चीत एक छोटा माइक ठेवून त्यानं प्रत्येक स्पीकरमधून शूऽऽ असा आवाज सोडला आणि सगळे सारखे केले. जाताना म्हणाला, "आता कशालाच हात लावू नका साहेब."

साहेबांनी दुसऱ्याच रविवारी हात लावला. डावीकडचा मागचा स्पीकर मार खातोय, म्हणाले. ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलं आणि तो स्पीकर खुर्चीच्या जवळ सरकवला. पुन्हा भुकटी. पुढच्या सुट्टीला तो खाली घेतला, मग पुन्हा पुढे, मग त्याचं तोंड थेट खुर्चीकडे वळवलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्या एकट्याचा आवाज वाढवला. उजवा स्पीकर होता तिथेच शहाण्यासारखा लटकत होता आणि डाव्या भिंतीची पार चाळण झाली होती. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन, "ताई, अजून किती दिवस?" असं गोड बोलून गेल्या. मी म्हटलं, "भिंत पडेपर्यंत." लावणाऱ्या माणसाला ह्यांनी पुन्हा बोलावलं, तुझा माइकच बिघडलाय म्हणून सुनावलं. त्यानं सगळं पुन्हा सारखं करून दिलं. तो जिना उतरला नसेल, तोवर ह्यांनी परत बदललं. त्यानंतर तो ह्यांचा फोन उचलेनासा झाला.

मग एका रविवारी पिंपळे गुरवहून माझा दीर जेवायला आला. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघंही बीडकडून पोटासाठी इकडे आलेले, एकाच खोलीत राहून दिवस काढलेले. मटण शिजत होतं तोवर ह्यांनी मोठ्या कौतुकानं त्याला खुर्चीत बसवलं आणि मारामारीचा एक सिनेमा लावला. दीर पाच-दहा मिनिटं बसला, मान इकडेतिकडे केली आणि सरळ मनानं म्हणाला, "दादा, सगळा आवाज डावीकडूनच यायलाय की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? कानात ओरडल्यासारखं व्हायलंय."

"माझ्या कानाला शिकवायलास व्हय तू?" हे एवढ्या जोरात ओरडले की मी पळी हातात घेऊनच बाहेर आले. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. धाकट्या भावावर ह्यांनी असा आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. दीर गप्प जेवला, "वहिनी, मटण मस्त झालंय," एवढंच म्हणाला आणि लवकर निघून गेला. मला ह्यांचा इतका राग आला होता की मी भांडी आदळत घासली. ह्यांनी काही म्हटलं नाही. आता वाटतं, त्यांना ती आदळआपट पुरती ऐकूही आली नसेल.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. हे पहिल्या पाळीला गेले होते. मी खोली पुसायला गेले आणि सहज त्या खुर्चीत बसून तोच सिनेमा लावला. दिराचं खरं होतं. डाव्या कानात नुसता गोंधळ, उजवीकडे काही नाही. वैतागून मी डाव्या कानात बोट घातलं, अर्धवटच. आणि खोली सरळ झाली. डावं-उजवं सारखं. पावलांचा आवाज मागून आला, बाजूनं पुढे गेला, अगदी जसं असायला हवं तसं. मी बोट काढलं, पुन्हा बिघडलं. पुन्हा घातलं, पुन्हा जुळलं. त्यांचीच रीत, त्यांच्याच खुर्चीत. खोली कुणासाठी लावली होती ते मला कळलं.

मग एकेक आठवायला लागलं. रस्त्यानं चालताना मला नेहमी आपल्या उजव्या हाताला घेणं. फोन डाव्या हातात असला तरी वळसा घालून उजव्या कानाला लावणं. मी ओट्याशी उभी राहून काही विचारलं की अख्खं अंग वळवून "काय?" म्हणणं. मी त्याला आढ्यता समजत होते. नवरा आपलं ऐकत नाही ही काय कुठल्या बाईला नवी गोष्ट आहे? मी कधी शंकाच घेतली नाही.

संध्याकाळी चहा दिला आणि सरळ विचारलं, "अहो, डाव्या कानानं ऐकू येत नाही ना?"

आधी चिडले. मग कप खाली ठेवला. आणि बोलले. लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं हे प्रेस शॉपमध्ये होते, पत्रा दाबायच्या मशीनवर. कानात घालायचे बोळे मिळत. कोणीच घालत नसे. "बोळे घातल्यावर साच्याची डाय काय बोलायलीय ते कसं कळणार? डाय बिघडायच्या आधी आवाज बदलतो. तो ज्याला कळतो तोच खरा ऑपरेटर." बोळे खिशात ठेवून हे मशीनला डावा कान लावून उभे राहत. त्या ऐकण्याच्या जोरावरच पुढे मोठ्या कंपनीत घेतलं, ट्रॅकवर घेतलं. ज्या कानानं भाकरी मिळवून दिली तोच कान त्या भाकरीपायी गेला. हे ऐकताना मला कुणावर रागवावं तेच कळेना.

"कंपनीत कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. पण गाड्या परत यायल्यात. मी पास केलेल्या. सगळ्यांचा आवाज डाव्या दारातला." मग खाली मान घालून म्हणाले, "मेडिकल आहे पुढच्या महिन्यात. कानाची तपासणी आहे. त्यात गेलो तर ट्रॅक गेला. यार्डात टाकतील, गाड्या रांगेला लावायला. तिथं कुणीही चालतं गं."

त्या 'कुणीही'वर त्यांचा आवाज फाटला. पगार चालूच राहिला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण चाकणमध्ये लाइनच्या पट्ट्यावर हजार हात असतात आणि हा एक माणूस कान होता. तो कान गेला तर ह्यांचं काय उरतं, हे मलाही सांगता येईना.

मग ह्यांनी सराव काढला. मोबाईलवरून फक्त डाव्या मागच्या स्पीकरमधून बारीक पीऽ असा आवाज सोडायची सोय केली, कधी मोठा, कधी अगदी हलका. उजव्या कानात कंपनीचा नारिंगी बोळा घट्ट बसवायचा, तसलाच, जो तेव्हा घातला नाही. मी मागे स्टुलावर बसून आवाज सोडायचा, ऐकू आला की ह्यांनी बोट वर करायचं. जणू कान म्हणजे पाढे आहेत, घोकले की येतील. मला ते वेडेपण कळत होतं, पण नाही म्हणवेना.

आणि गंमत म्हणजे जमायला लागलं. पहिल्या रविवारी निम्मी चुकली, नंतर बहुतेक बरोबर. ह्यांची कळी खुलली. दिराला फोन करून नीट बोललेसुद्धा. मी मात्र शाळेत मास्तरीण आहे. कॉपी करणारं पोर मला पाठीवरून कळतं. ह्यांची मान फार ताठ होती. बोट वर जायच्या आधी मान किंचित पुढे यायची. मी ह्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. समोर बंद टीव्हीची काळी काच, आणि त्या काचेत मी, माझ्या मांडीवरचा मोबाईल, माझा अंगठा. अंगठा हलला की बोट वर.

मला हसू आलं नाही. मी उठले, आतून चादर आणली आणि टीव्हीवर टाकली. ह्यांनी चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेली होती आणि ती आम्ही दोघांनी तशीच राहू दिली. मी जागेवर येऊन बसले. बाहेर लख्ख दुपार होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी अंगठा उचललाच नाही. मला नुसतं बघायचं होतं, आता हे काय करतात. आवाज सोडला नव्हता. मोबाईल पालथा पडला होता.

ह्यांनी बोट वर केलं.

बोट खाली आलं. थोड्या वेळानं पुन्हा वर गेलं, या वेळी जरा ठामपणे.

मी पुढे जाऊन त्यांच्या उजव्या कानातला बोळा काढला. "अहो, मी काही वाजवलंच नाही."

"वाजवलंस की. बारीक. आत्ताही वाजायलंय."

"नाही हो. सगळं बंद आहे."

हे लबाडी करत नव्हते. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हे माझ्या कानातलंच आहे. ते थांबतच नाही गं. झोपेत पण नाही. मला वाटलं, मधेमधे तुझं पण येतंय त्यात." मी खुर्चीच्या हातावर बसले आणि त्यांचं डोकं धरलं. मला रडू आवरलं नाही. हे रडले नाहीत, चादरीकडे बघत राहिले. सराव तिथेच संपला.

मेडिकलच्या दिवशी मी डबा दिला, कंपनीची बस गेली. संध्याकाळी हे रोजच्या वेळेला आले, रोजच्यासारखे चप्पल काढून पाणी प्यायले. ट्रॅकवरून काढून यार्डात दिल्याचं मला नंतर दिराकडून कळलं. मला ह्यांनी सांगितलं ते फक्त केबिनमधलं. काचेची बंद केबिन, कानावर हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. ह्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. तेव्हा डॉक्टरांनी दार उघडलं आणि म्हणाले, "अहो, मी अजून सुरूच केलेलं नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब, आवाज तर येतोय. पण त्यातला तुमचा कुठला अन् माझा कुठला, ते मला आता ओळखता येत नाही."