बाजार उठला तरी न उठणारी गर्दी

शर्वरी नगराळेला कुणी 'नक्की ना?' असं विचारलेलं मुळीच खपत नाही. विचारणारा डेल्फ्टचा प्राध्यापक असो, नाहीतर रस्त्यावरचा भाजीवाला. आधी तिची भुवई वर जाते, मग 'नक्की' असं एका शब्दात उत्तर येतं आणि विषय तिथंच संपतो. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातल्या दादाराव गुरुजींची ही मुलगी. पुण्याला इंजिनिअर झाली, तिथून स्कॉलरशिप पटकावून परदेशात डेल्फ्टच्या विद्यापीठात आली आणि पीएचडीला चिकटली. राहायला मात्र जवळच्या फोरबर्ग गावात, कारण डेल्फ्टात पीएचडी मिळेल, खोली मिळणं कठीण. कालव्याच्या काठानं रोज सायकल हाणत जायची आणि वारा समोरून आला की त्याचा मराठीतून यथेच्छ उद्धार करायची. इथला वारा कायम समोरूनच येतो, त्यामुळे तिचं मराठी काही गंजलं नाही.

मग महामारी आली. विद्यापीठाला कुलूप लागलं, सायकल जिन्याखाली गेली आणि शर्वरी खिडकीपाशी लॅपटॉप मांडून बसली. तिचं काम होतं मलावी देशावर. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा हा चिंचोळा देश, त्याच्या अंगाला समुद्रासारखं तळं. निम्मी लोकसंख्या अठराच्या आतली. बहुतेक माणसं खेड्यात राहणारी, मका पिकवणारी. घरोघरी वीज अजून पोचायचीय, पण मोबाइल बऱ्याच घरांत पोचलाय. त्यामुळे माणसं कुठून कुठं जातात, किती वेळ थांबतात, हे मोबाइलच्या टॉवरवरून कळतं. नावं-नंबर गाळलेली ती माहिती शर्वरीकडं यायची आणि ती त्यावरून गर्दीचे नकाशे काढायची.

दुसरी लाट आली तेव्हा तिथल्या एका जिल्ह्यानं विचारणा केली, की सगळे आठवडी बाजार बंद केले तर लोक उपाशी मरतील, तेव्हा त्यातल्या त्यात धोक्याचे कोणते तेवढं सांगा. शर्वरीनं सांगितलं. सगळ्यात वर नाव होतं चिम्बेलाचं. बाकीच्या गावांत संध्याकाळी बाजार उठला की फोन आपापल्या वाडीवस्तीला परत जात. चिम्बेलात मात्र शेकडो फोन रात्रभर तिथंच. म्हणजे शेकडो माणसं दाटीवाटीनं बाजारातच झोपतात, आणखी काय पुरावा हवा? तिची मार्गदर्शक मार्लूस हिनं विचारलं, नक्की ना? भुवई वर गेली. नक्की. अहवाल रवाना झाला. येत्या मंगळवारी जिल्ह्याची बैठक होती आणि त्यात चिम्बेलाच्या बाजाराला टाळं लागणार होतं.

त्याआधी शनिवारी शर्वरीकडं थोको जेवायला आली. घरी एकच पाहुणा चालेल असा सरकारी नियम होता आणि शर्वरीचा तो एक पाहुणा बहुतेक थोकोच असायची. थोको मलावीची, डेल्फ्टलाच पाण्यावर संशोधन करणारी, भाताला नावं ठेवत तीन वेळा भात घेणारी. शर्वरीनं बोलता बोलता चिम्बेलाचं नाव काढलं आणि थोकोचा घास हातातच राहिला.

तिथं तिची मावशी बसत होती. तळ्यावरची सुकी मासळी आणायची, चिम्बेलाच्या बाजारात विकायची. थोकोला आईच्या माघारी याच मावशीनं वाढवलं, मासळीवर शिकवलं, विमानात बसवलं. आता त्याच टोपलीवर आणखी चार पोरं जगत होती. तिकडच्या खेड्यातल्या बाईला ना पगार, ना पेन्शन. आठवड्याचा तो एक दिवस म्हणजेच तिची नोकरी.

"रात्री कोण झोपतं तिथं?" थोको म्हणाली. "सूर्य कलला की सगळी घरी जातात. मी त्या बाजारात वाढलेय, शर्वरी."

शर्वरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू कधीपासून गेली नाहीस तिकडं, आता बदललं असेल, डेटा खोटं बोलत नाही, वगैरे वगैरे ती बरंच बोलली. थोकोनं वाद घातला नाही. मावशीलाच विचारू म्हणाली आणि फोन स्पीकरवर लावला.

उचलला एका पुरुषानं. दोघांचं त्यांच्या भाषेत दोन मिनिटं हसतखेळत बोलणं झालं आणि थोकोनं फोन ठेवला. मावशी नाही, परवा फोन न्यायला येईल तेव्हा बोलेल, असं तिनं सहज सांगितलं आणि आमटी वाढून घेतली.

"फोन न्यायला?" शर्वरीनं विचारलं. "कुठून?"

चार्जिंगच्या दुकानातून, दुसरं कुठून? आजूबाजूच्या गावांत वीज नाही. चिम्बेलात पिठाची गिरणी आहे म्हणून तिथवर तार आलेली. गिरणीला लागून एकाचं दुकान, भिंतभर खिळे, खिळ्यांना टांगलेले फोन. बाजाराला आलेली माणसं फोन देऊन जातात आणि पुढं जमेल तेव्हा घेऊन जातात. फोन बंद करायचा नाही, कारण कुणाचा आला तर दुकानदार उचलतो, निरोप ठेवतो. थोकोला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं आणि शर्वरीला विचारण्यासारखं.

चिम्बेलात माणसं झोपत नव्हती, फोन झोपत होते.

आणि खरी लाज पुढंच होती. तिनं तिथल्या तिथं दादारावांना व्हिडिओ कॉल लावला. "जय भीम, बाबा. लोडशेडिंग होतं तेव्हा आपला फोन कुठं चार्ज व्हायचा?"

"जय भीम. तुले आठवत नाही काय?" दादाराव म्हणाले. "तूच तर शाळेत जाताना दारव्ह्याले झेरॉक्सवाल्याकडं ठेवत होती. तो लेकाचा माह्या हेडमास्तरशी माह्यापेक्षा जास्त बोले."

घ्या. जी पोरगी दप्तरात बापाचा फोन घालून एसटीनं तालुक्याला न्यायची, तीच डेल्फ्टात येऊन माणूस आणि फोन एकच धरून बसली होती. खोलीच्या चार भिंतींत सहा प्लग असले की माणसाला असं होतं. तिनं कपाळाला हात लावला, पण फार वेळ नाही. रडत बसणं हा तिचा पिंडच नाही. थोकोला म्हणाली, तू भांडी घास, मी बाजार सोडवते.

रविवारभर ती बसली. माणूस एखाद्या गावी मुक्काम करतो तेव्हा घरी फोन करतो, कुणाला तरी बोलावतो, भांडतो. चिम्बेलात रात्र काढणाऱ्या फोनांवर येणारे कॉल होते, जाणारा जवळजवळ एकही नव्हता. ते फोन बाजूला काढले तर चिम्बेलाचा बाजार इतर कुठल्याही बाजारासारखा निघाला, सूर्य कलला की उठणारा. मग तिनं बाकीची गावंही त्याच चाळणीतून काढली. गिरणी असलेल्या आणखी दोन ठिकाणी हाच घोळ होता.

सोमवारी सकाळी ती मार्लूसपुढं ऑनलाइन बसली. मार्लूस बाई भली, पण सावध. अहवाल गेला आहे, त्यावर विद्यापीठाचं नाव आहे, आता मागं घेतला तर पुढच्या वेळी आपलं कोण ऐकेल, असं तिचं म्हणणं पडलं. शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग दाखवायचं ते दाखवलं आणि म्हणाली, की आज आपण तोंडावर पडू, ते मला चालेल. उद्या मासळीवाल्या रस्त्यावर आल्या तर ते मला चालणार नाही. पत्र माझ्या नावानं जाऊ दे.

मार्लूसनं आकडे पुन्हा एकदा तपासले. "नक्की?"

या वेळी भुवई वर गेली नाही. "मागच्या वेळीही मी नक्कीच म्हणाले होते," शर्वरी म्हणाली. "या वेळी त्या बाजारात जी वाढली तिला विचारून आलेय."

दुपारच्या आत पत्र गेलं, खाली दोघींच्या सह्या. मंगळवारी जिल्ह्याकडून उत्तर आलं, की चिम्बेलाचा बाजार चालू राहील, फक्त शेजारच्या फुटबॉलच्या मैदानावर अंतरा-अंतरानं बसेल. शर्वरीचा जीव भांड्यात पडला. जिन्याखालची सायकल काढून ती समोरच्या वाऱ्याला शिव्या देत थोकोकडं गेली आणि दारातूनच तिला बातमी दिली. आता माणसाची आणि फोनची ती आयुष्यात गल्लत करणार नाही, हे तिनं कुणी न विचारता सांगितलं.

बाजाराच्या दिवशी दोघींनी मिळून मावशीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला तो त्याच दुकानदारानं, मागं गिरणीची घरघर. थोकोनं ऐकलं, हसत हसत डोळे पुसले आणि शर्वरीला सांगितलं, "म्हणतो, आत्ता नाही यायची. मैदानावर बसलीय, गिऱ्हाईक आहे."