विहिरीपाशी सिनेमा रंगीत होतो

परत-आंटींकडे कुणी पहिल्यांदाच सिनेमा बघायला आलं, की सुरुवातीच्या पाट्या संपायच्या आत त्या त्याला शेवट सांगून टाकायच्या. "हा मास्तर आता लय गोड बोलतोय ना, पन तो परत येत नाय बग. शहरात जातो नि तिकडंच ऱ्हातो." पाहुण्याचा चेहरा पडायचा. आंटींना त्याचं काहीच वाटायचं नाही. "शेवट ठावा असला का मानूस निवांत बगतो," त्या म्हणायच्या. "नायतर नुसता जीव टांगनीला."

खरं नाव काहीतरी भारदस्त पोर्तुगीज वळणाचं होतं, पण ते चर्चच्या वहीत आणि रेशनकार्डावर. आमच्या बिल्डिंगच्या पोरांनी त्यांना परत-आंटी केलं, कारण कॅसेट संपून व्हीसीआर खट् करून थांबला, की खुर्चीतून न उठता त्या म्हणायच्या, "परत लाव." हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला. फोनवरही मग त्या "परत-आंटी बोलते" असं सांगायला लागल्या.

आम्ही रत्नागिरीकडचे. वडिलांनी वसईत, होळी नावाच्या भागात, एक छोटा फ्लॅट घेतला तेव्हा मी चौथीत होते. बिल्डिंगला लागूनच आंटींची वाडी. केळी, पानवेली, कडेला चाफा, आणि मधे कौलारू घर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा हॉल सरळ दिसायचा. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर सायबिनीची, म्हणजे मदर मेरीची, छोटी मूर्ती आणि खाली व्हीसीआर. तो आंटींच्या नवऱ्याने, आंकलनी, बोटीवरून आणलेला. आंकल वर्षातले बरेच महिने बोटीवर नोकरीला असायचे आणि सुट्टीवर आले की बरोबर नव्या नव्या कॅसेटी आणायचे, मारामारीच्या, गाड्या उडवायच्या. आंटी त्या एकदा सौजन्य म्हणून बघायच्या. आंकलची बोट सुटली की त्या कॅसेटी कपाटावर जायच्या आणि जुना सिनेमा बाहेर यायचा.

तो एक काळा-पांढरा मराठी सिनेमा होता. कधीतरी रविवारी टीव्हीवर लागलेला, आंकलनी कॅसेटवर भरून ठेवलेला. गावात नवा मास्तर येतो, पाटलाच्या मुलीवर त्याचा जीव जडतो, मग तो शहरात जातो आणि ती विहिरीवर घागर घेऊन त्याची वाट बघते. एवढंच. त्याचं खरं नाव कुणीच घ्यायचं नाही, आमच्यात तो विहिरीचा सिनेमा. त्याच्या जोडीला एका पोस्टमनची मालिका होती, तिच्यातल्या जाहिरातींसकट. जाहिराती पुढे पळवलेल्या आंटींना खपायच्या नाहीत. "त्या पन आपल्याच," म्हणत त्या साबणाचं गाणं अख्खं म्हणायच्या.

"नव्या सिनेमाला डोले लागतात, जुन्याला नाय," हा त्यांचा सिद्धांत. मांडीवर सूप घेऊन त्या वालाच्या शेंगा सोलत बसायच्या, मान खाली. पण नेमक्या जागी मान वर यायची. मास्तर रडत असताना त्याच्यामागून एक मांजर शांतपणे चालत जायचं. ते मांजर आंटींनीच शोधलं होतं. सावकार दारात आला की "आला मेला" व्हायचं. जत्रेच्या गर्दीत एक बाई चुकून कॅमेऱ्याकडे बघून हसायची, तिला आंटी हात करायच्या. "ती माझी मैत्रीन," म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "आंटी, शेजारच्या गल्लीत नवी कॅसेट लायब्ररी आलीये, तिथून आणू या ना काही." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आगो बाय, नव्यात आपल्या वलखीचं कोन हाय?"

मला आज माझ्या फोनवर जगातलं काहीही बघता येतं आणि मी दर रविवारी तीच एक जुनी मालिका लावते. माझ्या मुलीला ते हास्यास्पद वाटतं. मला वाटतं, ओळखीच्यांकडे जाऊन बसण्यात जे सुख आहे ते ओळखी वाढवण्यात नाही, आणि हे मला आंटींनी शिकवलं.

माझ्या आईला मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. आई शाळेत मराठी शिकवायची. तोच तोच सिनेमा बघणं तिला वेळेचा अपव्यय वाटायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे मी त्या घरातून 'पानी' घेऊन यायचे. "पाणी. ण. बाणातला ण," आई मला ओट्यापाशी उभं करून म्हणवून घ्यायची. एकदा तिने हे आंटींच्या समोरच केलं. आंटींना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "वयनी, पानी म्हटलं तरी तहान भागते का नाय?" घरी आल्यावर आईने आपला राग माझ्या शुद्धलेखनावर काढला. तरीसुद्धा संध्याकाळी कढीपत्ता मागायला म्हणून ती वाडीत जायची आणि सिनेमा चालू असला तर हातात कढीपत्ता धरून दारातच उभी राहायची, शेवटापर्यंत. बसायची मात्र नाही. बसलं असतं तर सिनेमा बघितला असं झालं असतं.

मग लोर्नाचं लग्न ठरलं. लोर्ना ही आंटींची एकुलती एक मुलगी. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. आंकल त्यासाठी बोटीवरून खांद्यावर ठेवायचा भलामोठा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले होते, त्यात साधी कॅसेटच बसायची. पण बँडवाले दारात येऊन वाजवायला लागले आणि कोरी कॅसेट काही सापडेना. आंटी तर सकाळपासून पाहुण्यांना विहिरीचा सिनेमा दाखवत होत्या. पाटलाची मुलगी विहिरीपाशी पोचली आणि बँड वाजला, म्हणून त्यांनी तिथेच बंद करून लुगडं बदलायला धाव घेतली होती. आंकलनी व्हीसीआरमध्ये हात घातला, हाताला लागली ती कॅसेट ओढली, कॅमेऱ्यात कोंबली आणि मिरवणुकीच्या पुढे पळाले.

दोन दिवसांनी सगळे दमून भागून व्हिडिओ बघायला बसलो, तेव्हा काय घडलं ते कळलं. काळी-पांढरी मुलगी घागर घेऊन विहिरीपाशी आली, वाकली, पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम धाडकन बँड सुरू झाला. लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बायका डोक्यावर कळशा घेऊन विहिरीकडे नाचत येत होत्या. मधे लोर्ना. कडेला माझी आई, पदर घट्ट आवळून, परीक्षेला देखरेखीला उभी असावी तशी. विहीर तिरकी, कारण आंकलना कॅमेरा सरळ धरता येत नव्हता. माझा धाकटा भाऊ टाळ्या पिटत ओरडला, "सिनेमा रंगीत झाला!"

आंकलचा चेहरा पांढराफटक. बायकोच्या जिवापाड आवडत्या सिनेमाचा शेवट त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता. "तुला दुसरी आनून देतो," ते पुटपुटले. आंटी पडद्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे रे. ती बिचारी दरखेपेला एकलीच जायाची घरी. आता तिला बँड आला."

तेव्हापासून विहिरीचा सिनेमा असाच बघितला जाऊ लागला. त्यात एक जागा होती. लाल लुगड्यातल्या आंटी विहिरीत वाकून बघताहेत आणि कॅमेऱ्यामागून आंकलचा आवाज येतो, "आगो, खाली काय बगते? हिकडं बग!" पडद्यावरच्या आंटी मान वर करून काहीतरी बोलतात, पण बँडमध्ये ते बुडून जातं. म्हणून खुर्चीतल्या आंटी ते दरवेळी स्वतःच म्हणायच्या, "बगते रे, तू पयलं नीट धर!" आमच्या घरी नवऱ्याला कुणी अरे म्हणालं असतं तर भिंती पडल्या असत्या. इथे आंकल सुट्टीवर असले की शेजारच्या खुर्चीत बसून खो खो हसायचे.

आंकल बोटीवरून कायमचे घरी आले आणि थोड्याच वर्षांत गेले. कॅमेरा सदा त्यांच्याच खांद्यावर असल्यामुळे ते स्वतः कुठल्याच व्हिडिओत नव्हते. भिंतीवर फोटो होता, पण तो गप्प. आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये होता. लोर्ना तोवर नवऱ्याबरोबर परदेशी गेली होती. आंटी वाडीत एकट्या. दुपारी आमच्या खिडकीतून बँड ऐकू यायचा, मग आंकल हाक मारायचे आणि आंटी उत्तर द्यायच्या. आई पोळी लाटता लाटता थांबायची. सिनेमाला तिने पुढे कधी नावं ठेवली नाहीत.

एका पावसाळ्यात वाडीत पाणी शिरलं, व्हीसीआर गेला आणि कॅसेटला बुरशी धरली. मी तेव्हा लग्न होऊन विरारला राहत होते. मला वाटलं, यात काय कठीण आहे? इंटरनेटवर शोधल्यावर विहिरीचा सिनेमा सापडलासुद्धा, अगदी स्वच्छ, मुंग्या नसलेला. मी तो मोठ्या अभिमानाने आंटींच्या नव्या टीव्हीवर लावून दिला. मांजर आलं. जत्रेतल्या बाईला हात करून झाला. पाटलाची मुलगी विहिरीपाशी आली, तशा आंटी पदर सावरून ताठ बसल्या. पण बँड वाजला नाही. मुलीने घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि लांबच लांब वाटेने ती एकटी घरी गेली. समाप्त.

"परत एकलीच गेली," आंटी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाय, आन तो कुठं हाय?" एवढं वय झालेल्या बाईला मी कधी इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

कॅसेट घेऊन मी विरारला एका माणसाकडे गेले. तो जुन्या लग्नाच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून द्यायचा. त्याने कॅसेट उघडली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मॅडम, गॅरंटी नाही. फीत साफ करताना तुटली तर बोलायचं नाही." तो आठवडा आंटींनी रोज फोन केला. "परत-आंटी बोलते," एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या. मी "अजून नाही" म्हणायचे. आई त्या दिवसांत नवेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जाऊन बसली, हे मला नंतर कळलं.

फीत वाचली. त्या माणसाने आनंदाने सांगितलं, "सुरुवातीला कसलातरी जुना पिक्चर होता, तो कचरा काढून टाकला. फक्त लग्नाचं ठेवलंय." मी ते तसंच आंटींकडे नेऊन लावलं. पहिल्या क्षणालाच बँड, बायका, विहीर. "आगो, खाली काय बगते? हिकडं बग!" आंकलचा आवाज स्पष्ट, जसाच्या तसा. आणि आंटी गप्प.

"आसं नाय गो," शेवटी त्या म्हणाल्या. "लगीच कसा आला तो? मी अजून पोचलेच नाय."

तेव्हा मला समजलं, की ज्याला तो माणूस कचरा म्हणाला ती आंटींची वाट होती. मास्तर, सावकार, मांजर, जत्रा करत करत त्या विहिरीपाशी यायच्या, आणि तिथे आंकल भेटायचे. मी घरी येऊन लॅपटॉपवर बसले. इंटरनेटवरचा सिनेमा मुलगी विहिरीत वाकते तिथे कापला आणि पुढे बँड जोडला. पुढच्या रविवारी आंटींनी वालाच्या शेंगा घेतल्या, मान खाली घातली आणि नेमक्या जागी वर केली. "बगते रे, तू पयलं नीट धर!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "परत लाव."

गेल्या वर्षी आंटी गेल्या. झोपेतच, त्रास नाही. सातव्या दिवशीची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर लोर्ना, मी, माझा भाऊ आणि वाडीतली चार माणसं त्यांच्या हॉलमध्ये बसलो होतो. आईला आता चालायला काठी लागते, तरी ती आली, आणि त्या घरात सिनेमासाठी पहिल्यांदाच खुर्ची घेऊन बसली, तीही आंटींच्या खुर्चीशेजारी. आंटींच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. लोर्ना म्हणाली, "मम्मीचा सिनेमा लावू या." लावला. मांजर गेलं, तेव्हा आम्ही हसलो. जत्रेतल्या बाईला माझ्या भावाने हात केला. मग विहीर आली, सिनेमा रंगीत झाला, तेव्हाच्या आंटी पाण्यात वाकून बघू लागल्या.

"आगो, खाली काय बगते? हिकडं बग!"

बँड वाजत राहिला. लोर्नाने तोंडावर हात धरला होता. आंकल विचारून बसले होते आणि त्यांना उत्तर द्यायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं, हे मला सहन होईना.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. जन्मभर बाणातला ण शिकवलेली माझी आई, काठी घट्ट धरून, पडद्याकडे बघत खणखणीत म्हणाली, "बगते रे, तू पयलं नीट धर!"

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. आईने चष्मा काढून पदराला पुसला. कॅसेट केव्हाच गेली होती, तरी शेवटी सवयीने खट् ऐकू आल्यासारखं वाटलं.

"परत लाव," आई म्हणाली. "आणि मला जरा पानी दे."