राणीसाहेबांचे पत्रे

कुडाळ स्थानकावर उतरले तेव्हा माझ्या सामानात कपड्यांपेक्षा कागद अधिक होता. आम्लविरहित कागदाची पाकिटे, टिपकागद, मऊ ब्रश, एक भिंग, आणि हे सारे बाळगणारी एक रुंद, चपटी पेटी. परतताना ती पेटी राणीसाहेबांच्या पत्रांनी भरलेली असेल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घेणे हा माझा व्यवसाय असूनही नव्हती.

व्यवसायाने मी धातूंना चढणाऱ्या गंजाचा अभ्यास करते. छंद मात्र कागदाचा: राजघराण्यांतील माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली खासगी पत्रे मी जमवते. दरबारी पत्रांत मला रस नाही. ती कारकून लिहीत आणि धनी खाली सही ठोकीत. मला हवे असते ते पत्र, ज्यात राजा मुलाच्या तापाविषयी लिहिताना दौत सांडतो, किंवा एखादी राणी लोणच्याच्या बरणीची चौकशी करते. अशा पत्रांत अक्षर सरळ येत नाही, आणि म्हणूनच ते खरे असते.

माझ्या संग्रहातील सर्वांत लाडके पत्र मला कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात मिळाले. घाटावरच्या एका लहान संस्थानच्या राणीसाहेबांनी, संस्थान विलीन झाल्यानंतर, मालवण किनाऱ्यावरील आनमारी नावाच्या नर्सला ते लिहिले होते. राणीसाहेबांचे माहेर तळकोकणातले. त्यांच्या अवघड बाळंतपणात आनमारी त्यांच्या उशाशी होती, एवढे पत्रावरून कळत होते. पत्र चार ओळींचे. सुरुवात ‘गो आनमारी’ (अगं आनमारी) अशी, आणि पुढे: ‘पत्रे धाडले आहेत. पावसाआधी पोचतील. धाकटीला जप.’

पुण्यात पुढच्या महिन्यात संग्राहकांचे प्रदर्शन भरणार होते. तेथे स्थान मिळवायचे, आणि तेही या पत्राच्या जोरावर, असा माझा निश्चय होता. परंतु निवड समितीतील एका ज्येष्ठ संग्राहकांनी ते भिंगाखाली धरले आणि स्मित केले.

“ताई, राण्या ‘गो’ म्हणत नसतात. शिवाय हिने पत्रे धाडल्याचे लिहिले आहे, तर ती गेली कुठे? एकही कधी बाजारात आले नाही. कुणा विक्रेत्याने किंमत वाढवण्यासाठी केलेली ही करामत दिसते.”

दुसरा नमुना आणा, मग पाहू, असे ठरले. म्हणजे माझ्या पत्राची सारी अब्रू आता त्या हरवलेल्या पत्रांवर अवलंबून होती. पाकिटावर वाडीचे नाव होते. तेथील किराणा दुकानात फोन करून मी आनमारीच्या मुलाचा, पास्कूचा, नंबर मिळवला. समुद्रावरच्या वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता.

“राणीसाहेबांची पत्रे अजून आहेत का आपल्याकडे?” मी शक्य तितक्या अदबीने विचारले.

“राणीसायबांचे पत्रे? आसत तर! थोडे गंजले आसत, एक-दोघांका भोकां पडली, पण आसत. तुमी येतलात काय बघूक? मगे टेंपोच घेऊन येवा.”

“टेंपो?”

“नाय तर नेतलात कशे?”

गंजले म्हणजे टाचण्यांचा गंज कागदावर उतरला असणार, भोके म्हणजे कसर लागली असणार, हे मी तत्काळ ताडले. आणि टेंपो! राणीसाहेबांनी टेंपोभर पत्रे लिहिली होती! त्या रात्री मी गंज काढण्याच्या द्रावणांची टिपणे चाळीत बसले आणि फार आनंदात झोपले.

कुडाळहून मालवणची एसटी नेरूरपारच्या पुलावर आली, तेव्हा कर्ली नदी भरतीने फुगून आरशासारखी पसरलेली होती. धामापूरपर्यंत रस्त्याला सावली, पुढे चौक्याकडे जांभ्या दगडाचा लालभडक सडा (उघडा माळ). काजूचा हंगाम होता. पिकल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) आंबूस, किंचित मादक दर्प खिडकीतून येत राहिला. मालवणच्या स्टँडवर रिक्षा केली.

“खंय जावचा, बाय?” (कुठे जायचे?)

“आनमारी नर्सच्या घरी.”

“नर्स जावन वर्सां झाली. पण घर अजून नर्सबायचाच म्हणतत,” असे म्हणून त्याने सुरूच्या बनातून रिक्षा घातली. माझी चपटी पेटी चित्रकाराची समजून पुढे म्हणाला, “आता काय, पोरट्रेट काढतलात काय तेंचा?”

घर चिऱ्यांचे, कौलारू. दारात क्रूस आणि त्याला जास्वंदीचा ताजा हार. दोन्ही भावंडे अंगणात उभी होती. पास्कू, उंच, लुंगीतला, नारळाचा धंदा करणारा. आणि त्याची धाकटी बहीण लुर्दीनबाई, निवृत्त शिक्षिका. बाई माझ्याशी वर्गात बोलावे तशा प्रमाण मराठीत बोलत आणि भावाकडे वळल्या की मालवणीत. भाषा बदलताना त्यांचा आवाजही बदले.

“या. प्रवास सुखाचा झाला ना? चहा घ्या, मग पाहा.”

“चाय मागसून,” पास्कू म्हणाला. “टेंपो खंय आसा?”

चहाला थांबण्याइतका धीर मलाही नव्हता. पास्कू मला घराच्या बाजूने मांगरात (नारळ, जाळी, अवजारे ठेवण्याच्या पडवीवजा जागेत) घेऊन गेला. मी हातमोजे चढवले. तो मध्यभागी उभा राहिला आणि त्याने अभिमानाने वर बोट दाखवले.

“हे बगा.”

मी वर पाहिले. छपराखेरीज तेथे काहीही नव्हते.

“कुठे?”

“अहो, हे काय! पत्रे! राणीसायबांचे!”

वर नालीदार पत्रे होते. थोडे गंजलेले. एक-दोघांना भोके पडलेली.

माझ्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून आधी लुर्दीनबाईंच्या ध्यानात आले. हातमोजे, पेटी, भिंग, सर्व त्यांनी एका नजरेत टिपले आणि पदर तोंडाशी धरला.

“पास्कू! ह्या चेडू (मुलगी) कागद शोधूक इलासा, आणि तू तेका छप्पर दाखयतस!”

“मगे पत्रे म्हणाक कित्याक (कशाला) होया? पत्रां म्हणूचा!” पास्कू माझ्यावरच उखडला.

बाईंनी मला नीट समजावून सांगितले, जणू मी दुसरीत होते. मालवणीत कागदाचे ते पत्र, आणि अनेक असली की पत्रां. छपराचा तो पत्रो, आणि अनेक असले की पत्रे. येथे कोणीही ‘पत्रे’ ऐकले की वर बघणार, पोस्टाकडे नव्हे. आनमारीचे चुडतांनी (नारळाच्या झावळ्यांनी) शाकारलेले घर एका उन्हाळ्यात ठिणगी पडून जळाले होते. तान्ह्या मुलीसह कुटुंब लोकांच्या पडवीत झोपत होते. राणीसाहेबांना हे कळले आणि त्यांनी ट्रकभर पत्रे पाठवले. पुढे घर कौलारू झाले, तेव्हा ते मांगरावर चढले.

‘पत्रे धाडले आहेत.’ धाडले! धाडली नव्हे. त्या पुल्लिंगी क्रियापदावर माझी नजर पहिल्याच दिवशी अडखळली होती. मी ते राणीसाहेबांचे व्याकरण कच्चे म्हणून सोडून दिले होते, आणि माझ्या नकलेत पेन्सिलीने ‘धाडली’ अशी दुरुस्तीही केली होती. प्रयोगशाळेत एखाद्या कनिष्ठाने न पटणारे निरीक्षण असे सुधारले असते, तर मी त्याला दाराबाहेर उभे केले असते.

घावणे आणि बांगड्याचे तिखले (तिखट कालवण) समोर आले. हताश माणसाला भूक लागत नाही हा समज खोटा आहे. पण जेवतानाच माझ्या ध्यानात आले, की मी हरलेले नाही. समितीचा एक आक्षेप तर इथेच कोसळला होता: हरवलेली पत्रे मुळात नव्हतीच, आणि पाठवलेले पत्रे डोक्यावर शाबूत होते. उरला तो ‘गो’. त्यासाठी राणीसाहेबांच्या हातचे अक्षर हवे होते.

“आईने सांभाळलेली आणखी काही पत्रे? म्हणजे, पत्रां?”

“होती एक-दोन,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भावाकडे असे पाहिले की त्याने घास गिळला. “आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकांत होती. कोणीतरी ती पुस्तके रद्दीत घातली.”

“पुस्तकां घातलंय मी. पत्रां तेंच्याबरोबर आपसूक गेली.”

हात धुवायला मी मागे गेले. न्हाणीला एका बाजूने जुना पत्रा आडोसा म्हणून उभा केलेला होता. कलते ऊन त्यावर आडवे पडले होते. बहुतेक माणसांना तेथे केवळ तांबेरलेला पत्रा दिसला असता. मला दिसले, की गंज सर्वत्र सारखा नाही. समुद्राची खारी हवा पत्र्यावरचा जस्ताचा थर खाते आणि मग लोखंड. पण जेथे कधीकाळी तेलरंग लागलेला असेल, तेथे तिला उशीर होतो. रंग केव्हाच उडून गेला होता. त्याच्याखाली मात्र करड्या धातूचे पट्टे तांबूस गंजात राखलेले होते. त्यांतील एक पट्टा लांबच लांब, आडवा, सरळ होता. शिरोरेघ!

मी गुडघ्यांवर बसले आणि मऊ ब्रशने धूळ झाडू लागले. अक्षरे पत्र्याच्या लाटांबरोबर वर चढत आणि खाली उतरत होती.

‘गो आनमारी.’

‘गो’ची मात्रा मागे झुकून शिरोरेघेच्या बाहेर सुटलेली, वाऱ्याने उडालेल्या पदरासारखी. पेटीतील कागदावरही ती अशीच सुटलेली होती. मी पत्र काढून शेजारी धरले. कागदावर बोरूने, धातूवर कुंचल्याने. पण हात एक.

माझी किंकाळी ऐकून दोघेही धावत आली. पास्कूच्या हातात कोयता होता.

“काय झाला? जिवाणू (साप)?”

“पत्र!” मी ओरडले. “पत्र्यावर पत्र!”

लुर्दीनबाईंना आईचे जुने बोलणे आता आठवले. ट्रकवर चिठ्ठी लावू, असे कारकून म्हणत होते. कागद वाटेत फाटेल, म्हणून राणीसाहेबांनी पदर खोचला आणि स्वतः कुंचला घेतला. आई हे सांगे आणि मुले ती गोष्ट समजून ऐकत. चष्मा लावून बाई वाकल्या आणि उरलेल्या ओळी सावकाश वाचू लागल्या: “हे तुझे. कोणी मागितले तरी देऊ नको.”

त्या सरळ झाल्या. डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर खट्याळ हसू.

“वाचलंस मा? राणीसायबांचो हुकूम. आता तुका पत्रो कसो दिव गो?”

प्रमाण मराठी गेली होती. मी ‘तुम्ही’वरून ‘तू’ झाले होते, आणि त्या ‘गो’ने मला केवढा तरी आनंद झाला. पत्र्याखेरीज मी पुण्यात उभी राहू शकत नव्हते. छायाचित्राला ते ज्येष्ठ गृहस्थ पुन्हा स्मित करून करामत म्हणाले असते. काय द्यावे लागेल, हे मला कळत होते. ते माझ्या हातातच होते.

“मी मागत नाही,” मी म्हणाले. “अदलाबदल करते.” आणि माझ्या संग्रहातील सर्वांत लाडके पत्र त्यांच्या हाती दिले.

बाईंनी ते वाचले. ‘धाकटीला जप’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले. जळलेल्या घरातून बाहेर काढलेली धाकटी त्याच होत्या.

“पास्कू,” पत्राची घडी घालीत त्या म्हणाल्या, “ह्या तू रद्दीत घातलंस.”

पास्कूने कोयता उचलला. तो माडाखाली गेला, चुडतां घेऊन आला आणि न्हाणीला आडोसा बांधू लागला. पत्रा काढून झाला तेव्हा म्हणाला, “तरी मी सांगी होतंय, टेंपो घेऊन ये.”

टेंपो अखेर केलाच. कुडाळला गोधडीत गुंडाळलेला तो पत्रा घेऊन मी फलाटावर उभी राहिले, तेव्हा हमालाने एक कोपरा उघडून पाहिला.

“ह्या काय, बाय?”

“पत्र.”

“पत्र नाय. पत्रो.”

“दोन्ही,” मी म्हणाले, आणि त्याने माझ्याकडे दयेने पाहिले.

प्रदर्शनात पत्रा भिंतीवर लावला. समितीला मी एवढेच सांगितले, की इतक्या वर्षांचा गंज कोणालाही एका आठवड्यात चढवता येत नाही, आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा आहे. कोणी हरकत घेतली नाही. लुर्दीनबाई कागदावरचे पत्र पर्समध्ये घेऊन स्वतः आल्या होत्या. त्यांनी ते पत्र्याखालील काचेच्या पेटीत आपल्या हाताने ठेवले आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

माझी चपटी पेटी मालवणहून रिकामीच आली. ती आता पाहिली की हसू येते: काय सापडेल याचे माप मी घरूनच घेऊन निघाले होते. नकलेतील पेन्सिलीची दुरुस्ती मी खोडली. ‘धाडले’ जसे होते तसे उभे आहे.

ते ज्येष्ठ संग्राहक संध्याकाळी आले. कागद पाहिला, पत्रा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. दोन्हीकडच्या ‘गो’वरून त्यांचे भिंग कितीदा गेले, मी मोजले नाही. मग ते बाईंकडे वळले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “बाई, हे पत्र आपण मला द्याल का?”

लुर्दीनबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी हात वर केला, आणि वर्गात फळ्याकडे दाखवावे तसे पत्र्यावरच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मोठ्याने वाचा.”