नाहरीनच्या अर्जातला रिकामा रकाना

टरलॉक गावातल्या ज्या वृद्धाश्रमात मी स्वयंपाकघर सांभाळायचे, तिथेच नाहरीन म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायचं, भरवायचं काम करायची. उरलेल्या वेळात शेजारच्या मोडेस्टो शहरातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकायची. आमची दोघींची घरं इराकमधून आलेली, भाषा एक, चर्च एक. म्हणून ती मला मावशी म्हणायची आणि मी तिला हक्काने रागवायचे.

ते दोन वर्षांचं कॉलेज तिला साडेचार वर्षं पुरलं. आता ती सत्तावीस वर्षांची झाली होती आणि पुढची पदवी घ्यायला विद्यापीठात जायचं होतं. अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर. सगळा अर्ज भरून झाला होता; फक्त ‘मुख्य विषय’ या रकान्यापाशी तिचा हात थांबायचा.

तिच्या आईच्या, वार्दाच्या, लेखी त्यात अडण्यासारखं काही नव्हतंच. पोरगी नर्स होणार हे तिने चर्चभर सांगून टाकलं होतं. रविवारी प्रार्थना संपली की बायका नाहरीनला गाठून आपापला रक्तदाब सांगायच्या. ती मान डोलवायची, पण चेहरा उतरलेला असायचा. कारण रसायनशास्त्रात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा जेमतेम सुटली. नर्सिंगच्या जागा चाळीस आणि अर्ज शेकड्याने. आणि ती ज्या विद्यापीठांकडे बघत होती, तिथे नर्सिंग नाही मिळालं तर दुसऱ्या विषयात घेतीलच असं नव्हतं.

“मग जीवशास्त्र लिही ना,” मी म्हटलं. दुपारची जेवणं उरकली होती, आणि ती मागच्या दाराशी दुधाच्या क्रेटवर बसली होती.

“जीवशास्त्र घेऊन पुढे काय, मावशी? डॉक्टरकीला माझे गुण पुरत नाहीत. सार्वजनिक आरोग्य घेतलं तर नोकरी कसली मिळते ते धड कुणी सांगत नाही. आणि एकदा विषय लिहून आत गेलं की बदलणं म्हणजे दिव्य.”

तिचं ताट तसंच होतं. आठवडाभर मी बघत होते, द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या डोलम्याचं एक पान उलगडायची आणि ठेवून द्यायची.

त्याच सुमारास आमच्याकडे ओशाना नावाचे, आमचीच भाषा बोलणारे म्हातारे आले. पीचच्या बागा होत्या त्यांच्या. मेंदूत गुठळी होऊन उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. तोंडातून आमच्या भाषेतला एकच शब्द यायचा, ‘नाही’. पाणी हवं असलं तरी ‘नाही’, मुलगी भेटायला आली तरी ‘नाही’. मुलगी रडत निघून गेली. बाकीच्या सेविका म्हणायच्या, म्हातारा हेकट आहे.

नाहरीनच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पाणी प्यायले की त्यांना ठसका लागतो आणि मग आवाज ओलसर, घरघरता होतो. दही खाल्लं की होत नाही. आणि दुसरी, ती आमच्या भाषेत आकडे मोजायला लागली की ते पुढचा आकडा बरोबर म्हणतात. ‘एक, दोन’ म्हणून ती थांबायची, आणि म्हातारा ‘तीन’ म्हणायचा. स्वतःच दचकायचा.

आठवड्यातून दोनदा ट्रान बाई यायच्या. बोलणं आणि गिळणं बिघडलेल्यांवर उपचार करायचं त्यांचं काम. नाहरीनने भीतभीत त्यांना हे सांगितलं. बाईंनी लगेच ओशानांची तपासणी लावली. पाणी श्वासनलिकेत उतरत होतं, छातीत कफही साचू लागला होता. तेव्हापासून मी त्यांच्या पाण्यात, चहात घट्ट करायची पूड घालू लागले.

“हे तुला कुणी शिकवलं?” ट्रान बाईंनी विचारलं.

“कुणी नाही. मी फक्त बघत होते.”

“मग हे शिकायला ये. याची पदवी असते.”

तेवढं एक वाक्य, आणि पोरीची झोपच उडाली. कारण मुदतीला नऊ दिवस उरले होते.

कॉलेजच्या सल्लागार ओलिव्हेरा बाईंकडे ती मला सोबत घेऊन गेली. एकटीने गेले तर अर्धं ऐकू येत नाही, म्हणाली. बाईंनी तिची गुणपत्रिका बघितली. “फ्रेस्नोच्या विद्यापीठात हा विषय आहे. तुझे इथले साठ श्रेयांक-तास तिथे मान्य होतील. पण नर्सिंगसाठी घेतलेल्या दोन विषयांचा पदवीला फारसा उपयोग नाही, आणि संख्याशास्त्र तुला वसंत सत्रात करावंच लागेल. शिवाय नुसत्या पदवीवर उपचार करता येत नाहीत, पुढे आणखी दोन वर्षं शिकावं लागतं. तिथेही जागा थोड्याच.”

“म्हणजे मी आगीतून फुफाट्यात पडतेय का?”

“ते मी नाही सांगू शकत.” बाईंनी चष्मा काढला. “मला एवढंच सांग, नर्स व्हायचं नाही म्हणून पळतेयस, की हे हवंय म्हणून जातेयस?”

नाहरीनने गुणपत्रिका उलटी करून ठेवली. मग म्हणाली, “दोन्ही असेल.”

“चालेल. निदान खरं बोललीस.”

घरी सांगायलाही ती मला घेऊन गेली. वार्दाने चहाचा पेला खाली आपटला. “बोलायला शिकवणार? अगं, बोलायला आई शिकवते! त्याला विद्यापीठ कशाला? लोकांना आता काय सांगू मी?”

“आई, नर्सिंग नाही मिळालं तर तेव्हा लोकांना काय सांगितलं असतंस?”

“मिळालं असतं! तुझा स्वतःवर विश्वास नाही, हीच तर रड आहे.”

हे वर्मी लागलं. तिचे वडील, गीवर्गीस, दुधाचा टँकर चालवायचे; घरात सहसा बोलायचे नाहीत. ते म्हणाले, “इथे येऊन बारा वर्षं झाली, माझी जीभ या इंग्रजीला वळत नाही. पोरी, पहिला रोगी मीच.” कुणी हसलं नाही. पण वार्दाने पेला उचलून पुन्हा भरला, तो लेकीपुढे सरकवला, आणि आत निघून गेली.

तीस तारखेला दुपारी, वृद्धाश्रमाच्या जेवणघरातच, नाहरीनने तो रकाना भरला. बटण दाबताना म्हणाली, “मावशी, चुकलं तर?” मी तिच्यापुढे कलिंगडाच्या फोडी ठेवल्या. त्या तिने खाल्ल्या.

मार्चमध्ये प्रवेश मिळाला. संख्याशास्त्राचा निकाल लागेपर्यंत मात्र तो पक्का नव्हता, आणि ते तीन महिने तिने कसे काढले ते मी जवळून पाहिलं. नखं कुरतडून बोटं सोलली होती. पास झाली. फ्रेस्नोची पदवी घेतली. त्यापुढच्या शिक्षणासाठी पहिल्या वर्षी तिने दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडून नकार आला. तेव्हा वार्दा तिला एकदाही ‘बघ, मी सांगत होते’ म्हणाली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वर्षभर तिने एका शाळेत मदतनीस म्हणून तोतऱ्या मुलांबरोबर काम केलं आणि पुन्हा अर्ज केला. या वेळी घेतलं.

ओशाना तोवर वारले होते. जाण्याआधी ते मुलीला नावाने हाक मारू लागले होते. दिवसातून एखाददुसऱ्यांदा जमायचं, तेवढंच.

सध्या नाहरीन एका इस्पितळात शिकाऊ म्हणून जाते. परवा तिचा फोन आला. एका बाईला चमच्याने पाणी पाजून तिचं गिळणं नाहरीनला पहिल्यांदाच स्वतः तपासायचं होतं, आणि नाहरीन अजून गाडीतच बसून राहिली होती.

“मावशी, हात थरथरतायत.”

“मग चमचा लहान घे,” मी म्हटलं.

ती एकदम हसली आणि तिने फोन ठेवला.