नळीतला बोळा

ऑक्टोबर लागला की तळ्याकाठी आइसलँडी लोकांनी वसवलेल्या गिमली गावात घरोघरी एक वास सुटतो. घर ऊबदार ठेवणारी, उन्हाळाभर गप्प बसलेली तळघरातली गॅसची भट्टी पहिल्यांदा पेटते, तिच्यावर साचलेली धूळ जळते आणि तो करपट वास जमिनीतल्या जाळ्यांमधून वरच्या खोल्यांत शिरतो. लोक नाकं मुरडतात. लॉर्न थॉर्डारसनला मात्र तो वास आला की सपाटून भूक लागते. चौतीस वर्षं तो गावातल्या भट्ट्या बसवतोय, साफ करतोय, आणि अजूनही हंगामाच्या पहिल्या सकाळी शीळ घालत गाडी काढतो. असा आपल्या कामावर खूश असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

स्वभावाने मऊ, पण कामात महाहट्टी. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघणार, आणि नाही आला तरी पुन्हा एकदा बघणार. त्याची बायको मर्लीन सांगते, लग्नाच्या दिवशी यानं पाद्र्यालाही दोनदा विचारलं होतं, "झालं ना नक्की?" कुणाच्याही घरात शिरताना बूट दाराशी काढायचे ही इथली रीत, त्यामुळे लॉर्नचं आयुष्य मोज्यांवर गेलेलं. गावातल्या बायका त्याला नाताळात लोकरीचे मोजेच विणून देतात. तो एकावर एक दोन जोड चढवतो, कुणाचं मन मोडायला नको म्हणून.

त्या दिवशी तो सिग्रून अम्माकडे गेला तेव्हाही दोन जोड होतेच. सिग्रून अम्मा त्र्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी; आइसलँडी भाषेत अम्मा म्हणजे आजी. नवरा तळ्यावर मासेमारी करायचा; तो जाऊन बारा वर्षं झाली. तिनं स्वतः मासळीच्या शेडमध्ये चाळीस वर्षं मासे सोलले होते, आणि सुरी ठेवून दिली तरी जिभेची धार तेवढीच होती.

"आलास छळायला?" तिनं दारातच विचारलं.

"छळायला कसला, अम्मा! तुम्हाला जिवंत ठेवायला आलोय."

"त्र्याऐंशी वर्षं राहिलेय जिवंत. तुझी काही मदत झाल्याचं आठवत नाही मला."

लॉर्न हसत हसत तळघरात उतरला आणि तिथं त्याचं हसू मावळलं. भट्टीशेजारी छतातून एक जाड नळी खाली येते. बाहेरची ताजी हवा आत आणते, म्हणजे ज्योतीला पुरेसा श्वास मिळतो. त्या नळीच्या तोंडात एक जुनी उशी गच्च कोंबलेली होती. सलग तिसरं वर्ष.

त्यानं धुराची कांडी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर ओढला जायला हवा होता. तो उलटा त्याच्या नाकात आला. हातातल्या मीटरवरचा आकडा चढू लागला. ज्याला वास नाही, रंग नाही, तो विषारी वायू घरात सांडत होता. वरच्या मजल्यावरचा त्या वायूचा अलार्म गप्प होता, कारण भट्टी अजून दिवसातून थोडा वेळच चालत होती. जानेवारीत ती रात्रंदिवस चालणार. त्यानं गॅस बंद केला, भट्टीची वीज तोडली, तळघराची खिडकी सताड उघडली आणि ती उशी ओढून काढली.

"अम्मा, खाली या!"

अम्मा बऱ्याच वेळानं उतरली, एकेक पायरी करत. उशी बघून तिनं मान दुसरीकडे वळवली.

"गेल्या वर्षी टॉवेल होता, त्याआधी गोणपाट. मी काय सांगितलं होतं?"

"तू पुष्कळ सांगतोस. तळ्यावर बर्फ फोडून जाळी ओढलीय मी, आणि तू मला हवेचं शिकवतोस? माझ्या लहानपणी कुठं होती असली नळी?"

"तुमच्या लहानपणी खिडक्यांतून वारा शिट्ट्या वाजवत यायचा. तीन वर्षांपूर्वी ग्लेननं नव्या खिडक्या बसवल्या, आता घर डब्यासारखं बंद आहे. ही नळी बुजवली की भट्टी तुमचीच हवा खाते आणि धूर तुम्हालाच परत देते. झोपेत जाल, कळणारसुद्धा नाही!"

ग्लेनचं नाव निघालं तशी अम्मा भट्टीजवळच्या खुर्चीत बसली. ग्लेन म्हणजे तिचा एकुलता मुलगा, विनिपेगला असतो. भट्टीचा तपासणी अहवाल त्यालाच जातो. गेल्या वर्षीचा टॉवेल वाचून त्यानं आईला बजावलं होतं, पुन्हा असं काही झालं तर घर विकायचं आणि माझ्याजवळच्या वृद्धांच्या इमारतीत राहायला यायचं.

"लॉर्न," अम्मा हळूच म्हणाली, "यावेळी नको लिहूस. काढलीस ना उशी? संपलं."

लॉर्नला फार वाईट वाटलं. या बाईला या घरातून उपटलं तर ती उन्हाळा बघणार नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. पण न लिहिता निघून गेला आणि जानेवारीत तिनं दुसरी उशी शोधली तर? तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं एक साधी गोष्ट विचारली.

"बुजवता तरी कशाला?"

"पाय गारठतात म्हणून! मी इथंच विणत बसते, इथं ऊब असते. ती मेली नळी थेट पायावर बर्फ ओतते. तुला कसं कळणार? गावभरच्या बायकांची लोकर पायात घालून हिंडतोस."

लॉर्नचे कान लाल झाले. तो तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसला, दोन्ही जोड काढले आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकले. मिनिटाभरात त्याच्या घोट्यांपर्यंत गारठा चढला. तीन वर्षं तो तिला फुफ्फुसांबद्दल सांगत होता, ती पायांबद्दल सांगत होती, आणि आपण एकदाही ऐकलं नाही याची त्याला मनापासून लाज वाटली.

"बादली आहे का? उंच?"

माशांची जुनी प्लास्टिकची बादली निघाली. त्यानं नळीला जोड देऊन ती बादलीत सोडली, तळापासून चार बोटं वर. गार हवा जड. ती पाण्यासारखी बादलीत साचून बसते आणि भट्टीला लागेल तेवढीच काठावरून सांडते. मग त्यानं बर्नर घासले, ज्योत पेटलीय का ते ओळखणारा दांडा पुसला, सांध्यांना फेस लावला, पुन्हा लावला. भट्टी पेटवून, दारं-खिडक्या बंद करून, स्वयंपाकघरातला पंखाही चालू ठेवून अर्धा तास तपासलं. कांडीचा धूर सरळ वर गेला. ज्योत निळी, स्थिर. अम्मानं पाय पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले.

"हे तीन वर्षांपूर्वी सुचलं असतं तर तुझं काय गेलं असतं?"

"काही नाही, अम्मा. चुकलंच माझं." आणि त्यानं अहवालाचा कागद काढून लिहिलं: नळी बुजवलेली आढळली, धूर उलटा येत होता, गॅस बंद केला, दोष काढला, भट्टी सुरक्षित. बादलीचंही लिहिलं.

अम्मानं चष्मा लावून वाचलं. "पहिली ओळ खोड."

"नाही खोडणार."

"चाळीस वर्षं ओळखते तुला!"

"म्हणूनच नाही. पण हा कागद उद्या जाईल. त्याआधी तुम्हीच त्याला सांगा."

अम्मानं त्याला आइसलँडी शिव्या दिल्या, बऱ्याच जुन्या. मग शेजारच्या स्टुलावरचा फोन उचलून, तिला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून, तिनं मुलाला सगळं सांगितलं. उशीसकट.

"लॉर्न तिथं आहे का?" ग्लेननं विचारलं. "लॉर्न, खरं सांग. ती एकटी राहू शकते का?"

"मला भट्टीतलं कळतं, ग्लेन. भट्टी ठणठणीत आहे. आईचं आईलाच विचार."

"विचारून उपयोग आहे का? ती कधी सांगते काही? आई, बाहेर उणे तीस झालं की मला झोप लागत नाही. मला भट्टीची भीती नाही वाटत गं. तू माझ्यापासून लपवतेस, त्याची वाटते. आज पहिल्यांदा तू स्वतःहून फोन केलास."

ग्लेन चिडेल, घर विकायचं काढेल, याची अम्मानं तयारी केली होती. त्याचा आवाज असा ओला होईल याची नव्हती. लॉर्ननं मुकाट्यानं हत्यारं पेटीत भरायला घेतली.

"ग्लेन," ती शेवटी म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी या जिन्यावर पडले होते. गुडघा अजून दुखतो. कधीकधी बसून बसून उतरते."

लॉर्नचा हात पेटीवरच थांबला.

"आई..." ग्लेन म्हणाला. "शनिवारी येतो. लाकूड घेऊन येतो. जिन्याला कठडा बसवू. दोन्ही बाजूंना."

"दोन्ही कशाला? मला अजून पंगू नको करूस," अम्मा डोळे पुसत म्हणाली. "उजव्या बाजूला बसव. आणि येताना जेवून येऊ नकोस."