चर्च परेडनंतरची मॅच

एमलिन प्रोसर वेल्सची लाल जर्सी घालून पहिल्यांदा रग्बीच्या मैदानात उतरला, त्या दिवशी पोर्थ एलन या खाणगावातल्या प्रत्येकाला हा पोरगा आपल्याच मांडीवर वाढल्याचा साक्षात्कार झाला. पुढे तो नौदलात अधिकारी झाला, तेव्हा तर खाणीतली माणसंही छाती काढून चालू लागली. त्याच्या आईला, मॉर्व्हिथला, मात्र रग्बी म्हणजे फुटलेलं नाक आणि नौदल म्हणजे घरी न येणारा मुलगा, एवढंच कळायचं. रजेवर आला की रविवारी त्याने गावच्या चॅपलमध्ये, प्रार्थनेला, आपल्या शेजारी बसावं, बस्स.

या खेपेला तो माल्टाच्या नाविक तळावरून आला. चॅपलमागच्या खोलीत त्याच्यासाठी चहा आणि मनुकांचा ब्रेड ठेवला होता. शेजारच्या बेननबाईंनी विचारलं, तिकडे खेळायला मिळतं का रे? एमलिन खुलला. दुसऱ्या जहाजाच्या संघाला कसं लोळवलं ते रंगवताना म्हणाला, "चर्च परेड संपली, की थेट मैदानात."

सगळ्यांचे कप जिथल्या तिथे थांबले. चर्च परेड म्हणजे नौदलाची रविवारची प्रार्थना, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी ना काम ना खेळ. पोर्थ एलनमध्ये रविवारचे बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. आणि एमलिनचे वडील हावेल, चॅपलचा कारभार बघणारे थोरले डीकन, नेमके समोरच बसले होते.

"रविवारी?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा." खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

असा गुन्हा सभासदांपुढे ठेवायचा आणि हात वर करून माणसाला बाहेर काढायचं, ही चॅपलची रीत. आजवर ती दारुड्यांवर चालली होती, लग्नाआधी दिवस गेलेल्या एका पोरीवरही चालली होती. वेल्सच्या खेळाडूवर कशाला चालेल? बेननबाई तर म्हणाल्या, "अगं, त्याला काढलं तर शनिवारी आपल्याकडून खेळणार कोण?" मॉर्व्हिथ निर्धास्त झाली.

रविवारी उपासनेनंतर पाद्रींनी विचारलं, एमलिनला काढावं असं कोणाला वाटतं?

एकच हात वर गेला. हावेल यांचा.

मॉर्व्हिथला खरं वाटेना. कालच याच माणसाने मुलाचे ओले बूट शेकोटीपाशी वाळत ठेवले होते. हात खाली येत नव्हता. बाकी कोणी हलेना. गावाचा अख्खा संघ आपापल्या बुटांकडे बघत बसला होता.

तेवढ्यात तिच्या शेजारची सोनेरी पट्ट्यांची बाही हलली. एमलिनने हात वर केला होता. बाहेर काढेपर्यंत तोही सभासदच होता की.

पाद्री चष्मा काढून पुसत राहिले. मग एकेक करून सगळे हात वर गेले. बेननबाईंचासुद्धा. मॉर्व्हिथचे हात तेवढे मांडीवर पडून होते, जणू ते तिचे नव्हतेच.

बाहेर आल्यावर तिने त्याची बाही धरली. "वेड लागलं का तुला?"

"बाबा एकटेच पडले होते, आई. पाठीशी कोणीतरी यायला नको?"

"आणि माझ्या शेजारी कोण बसणार?"



पुढे तो जहाजाचा कप्तान झाला. चॅपल त्याला केव्हाही परत घ्यायला तयार होतं. सगळ्यांपुढे उभं राहून चूक झाली म्हणायचं, एवढंच. तो म्हणाला नाही. हावेलनीही त्याला कधी तसं म्हणायला सांगितलं नाही. या दोघांत जास्त हट्टी कोण, हे मॉर्व्हिथला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही आणि त्या रविवारचा धक्काही कधी ओसरला नाही.