डोळा शेवटी

बालवर्गाला चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव पोरांना ठाऊकच नव्हतं. सगळं गोलापासून सुरू करायच्या, म्हणून गोलबाई. मोठा गोल पोट, छोटा गोल डोकं, दोन त्रिकोण कान, झालं मांजर! मग अंगावर ठिपके, पट्टे, फुलं, काय वाट्टेल ते. हिरव्या मांजराला बघून बाईंनी कधी नाक मुरडलं नाही.

नियम मात्र एकच. डोळे शेवटी, आणि तेही बाईंच्या हातून. आधी प्राण्याचं नाव त्यांच्या कानात सांगायचं, मगच त्या पेन्सिल टेकवणार. नाव नाही तर डोळे नाहीत, कितीही भोकाड पसरा.

वर्गात अशी गंमत, आणि घरी? दोन खोल्या, एक ताट, एक कप. सात वर्षांपूर्वी मुलाने न विचारता लग्न केलं आणि बाई फटकन बोलून गेल्या की ती मुलगी या घरात नको. तो गेला तो गेलाच. पुढे नात झाल्याचं शेजारणीकडून कळलं, तर नाव काय ठेवलं एवढंही यांनी विचारलं नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! सुट्टीचा दिवस मग खायला उठायचा.

अशाच एका सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलाच्या पत्त्यावरून पाकीट आलं. आत घडी घातलेला कागद आणि कागदावर मांजर. दोन गोल, दोन त्रिकोण, पोटावर जांभळे चौकोन. चिठ्ठी नाही, बाईंनी पाकीट झटकूनसुद्धा पाहिलं. पोर डोळे विसरली वाटतं, असं पुटपुटत त्यांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि हात थबकला. पोर विसरली नव्हती. तिला कोणीतरी मुद्दाम थांबवलं होतं, आणि त्या घरात हा नियम ठाऊक असलेला माणूस एकच होता.

बाईंना रडू कोसळलं. मांजराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. नातीचंही नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी मुलाला फोन लावला. माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, तेव्हाही जमेना.

"मांजर पोचलं," त्या म्हणाल्या. "नाव कानात सांगायला तिला घेऊन ये."

तो म्हणाला, "आम्ही तिघं आहोत, आई."

"मला मोजता येतं. तिघंही या."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, चपला घातल्या आणि कप आणायला बाहेर पडल्या.